जाळलेलं चौथं पान

साम्राज्यं उभी राहतात ती इतिहासाच्या अटळ हाकेतून; काळ स्वतः येऊन एखाद्या निधड्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवतो आणि मग भर वाळवंटात नगरं वसतात, असं ग्रँड अमेरिकन पोकर क्लासिकच्या पन्नासाव्या वर्षाच्या स्मरणिकेत पहिल्याच पानावर सोनेरी अक्षरांत छापलं होतं. हार्लन ट्रिबच्या आठवणीप्रमाणे क्लासिक उभं राहिलं ते कॉपर किंग हॉटेलच्या तिसऱ्या मजल्याला त्या मे महिन्यात नवा रंग दिला होता आणि त्या वासात भाडं भरून झोपायला कोणी तयार नव्हतं म्हणून. खोल्या रिकाम्या ठेवण्यापेक्षा मालकानं टेक्सासमधल्या ओळखीच्या जुगाऱ्यांना फोन लावले. खोली फुकट, जेवण फुकट, चार दिवस पत्ते कुटा, जिंकेल त्याला चांदीचा पेला. नऊ जण येतो म्हणाले, सात आले, त्यातल्या एकाला दुसऱ्या दिवशी फ्रेमाँट रस्त्यावर मेव्हणा दिसला आणि तो मागच्या दारानं गावी परत गेला. पत्ते वाटायला हार्लनला बसवलं, कारण त्या आठवड्यात दुपारची पाळी त्याची होती. काळानं खांद्यावर हात ठेवल्याचं त्याला काही आठवत नव्हतं. रंगाचा वास मात्र आठवत होता. इतका, की आज अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही कुठे ओल्या रंगाचा वास आला की त्याचा अंगठा आपोआप पुढे सरकायचा, कॅटमधलं वरचं पान सुटं करावं तसा.

स्मरणिका काखेत धरून तो ब्रिनच्या मागून चालला होता. ब्रिन कंपनीची मुलगी. कॉपर किंगनं क्लासिक ज्यांना विकलं त्यांनी ते पुढे ज्यांना विकलं, त्यांना ज्यांनी गिळलं, ती ही कंपनी. सकाळी ती त्याला घरून गाडीतून घेऊन आली होती, आणि बरोबर बारा वाजता त्यानं मंचावर जाऊन ध्वनिक्षेपकात दोन शब्द म्हणायचे होते: ‘वाटा पानं.’ दरवर्षी कोणीतरी म्हणतं. नट म्हणतात, कुस्तीगीर म्हणतात, एका वर्षी हवामानाचा अंदाज सांगणारी बाई म्हणाली होती. पन्नासावं वर्ष म्हणून पहिल्या वर्षीचा डीलर. दोन शब्दांपलीकडे बोललो तर चालेल का, असं त्यानं गाडीत विचारलं तेव्हा ब्रिननं आरशातून गोड हसून सांगितलं होतं, “हवं ते बोला मिस्टर ट्रिब. चाळीस सेकंदांत.” हॉटेलच्या सभागृहांकडे जाणारी ती वाट एवढी लांब होती की तिच्या एका टोकाला नाश्ता केलेला माणूस दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत जेवायची वेळ व्हावी. आणि त्या वाटेच्या वळणावर, पूर्वी जिथे नुसती भिंत असायची तिथे, यंदा वीस फूट उंचीचं छायाचित्र लावलं होतं. हार्लन थांबला. गुडघ्यांमुळे थांबला असेल असं वाटून ब्रिनही थांबली.

“ओळखलंत ना? तुम्हीपण आहात यात.”

“कुठे?”

“हे काय, खाली. हात.” तिनं मान कलती करून पाहिलं. “किती गोड.”

छायाचित्र सगळ्या जगानं पाहिलेलं. तेविसाव्या वर्षीचा शेवटचा डाव. डावीकडे रसेल ओब्रिस्ट, ओहायोत तरणतलाव विकणारा, दोन्ही पाय जमिनीपासून वर, तोंड इतकं उघडं की दाढा मोजाव्यात. उजवीकडे बफर्ड कील, टेक्सासचा, उभा, हातात हॅट, चेहऱ्यावर घराला कुलूप लावायला विसरून आलेल्या माणसाचा भाव. खाली हिरवं कापड, पैशांऐवजी लावायच्या रंगीत चकत्यांचा ढीग आणि पांढऱ्या कफांतून बाहेर आलेले दोन हात. कफांच्या वर छायाचित्र संपतं. हेच चित्र टी-शर्टांवर, कपांवर, चघळायच्या गोळ्यांच्या वेष्टनांवर गेली सत्तावीस वर्षं छापत होते, पण नेहमी लहान. तळहाताएवढं. त्या मापात चकत्यांचा ढीग म्हणजे नुसता एक ठिपका. आता तो ढीग हार्लनच्या डोक्याएवढ्या उंचीवर होता, प्रत्येक चकती ताटाएवढी, आणि ढिगाखालून पालथ्या पानांची टोकं बाहेर आली होती, पंख्यासारखी, व्यवस्थित, त्याच्याच हातानं सरकवलेली. एक, दोन, तीन, चार.

त्यानं पुन्हा मोजली. तेवढीच होती.

पान जाळणं म्हणजे खरोखर पेटवणं नसतं. टेबलावर उघडं पान मांडण्याआधी कॅटमधलं सगळ्यात वरचं पान पालथंच बाजूला सारायचं आणि चकत्यांच्या ढिगाखाली त्याचं टोक दडपायचं. कोणी त्या पानाच्या पाठीवर नखानं खूण केलेली असलीच तर ती फुकट जावी, एवढाच हेतू. एका डावात टेबलावर पाच पानं उघडी पडतात: आधी तीन एकदम, मग एक, मग शेवटचं एक. म्हणजे जाळायची पानं तीन. तीन, आणि तीनच. आर्कान्सासात, लिटल रॉकजवळच्या एका न्हाव्याच्या दुकानामागच्या खोलीत हार्लन वयाच्या एकोणिसाव्या वर्षी हे शिकला, आणि त्यानंतर जन्मात त्यानं ती कधी मोजली नाहीत, जशी जीभ दाढा मोजत नाही पण एखादी हलली की तिला आधी कळतं. खेळणारे तर त्यांच्याकडे बघतही नाहीत. ज्यांचं पोट त्या पानांवर चालायचं ते जुने लोक बघायचे; म्हणजे निदान डोळ्याच्या कोपऱ्यातून, उतारावर लावलेल्या आपल्या गाडीकडे बघावं तसे. आता समोर, त्या वीस फुटांखाली, तरुण माणसांची एक टोळी उभी राहून स्वतःचेच फोटो काढत होती. सगळे पत्ते खेळायला आलेले. सगळे ओब्रिस्टसारखी उडी मारत होते, एकाला जमत नव्हतं म्हणून बाकीचे त्याला पुन्हा मारायला लावत होते. चार टोकं त्यांच्या टोप्यांच्या वरच होती. हार्लन त्यांच्या नजरा कुठे जातात ते बघू लागला. ते भीतीनं की आशेनं, हे त्यालाच धड सांगता आलं नसतं. मोजा की, तो मनात म्हणाला. चारपर्यंत येत असेल ना मोजता. टोळीतल्या एकानं त्याच्याकडे वळून अदबीनं विचारलं, “आजोबा, जरा बाजूला होता का? फ्रेममध्ये येताय.”

वाढत गेलं ते कसं, याबद्दल स्मरणिकेत एक रंगीत आलेख होता. त्यात रेघ सुरुवातीला जमिनीवर झोपलेली आणि मग भिंतीला शिडी लावल्यासारखी सरळ वर. हार्लनला ते वेगळं आठवत होतं. नात्यातल्या एखाद्या माणसाचं पोट वाढतं तसं क्लासिक वाढलं: रोज बघणाऱ्याला काही कळत नाही, आणि एक दिवस माणूस दारातून आत येत नाही. पहिल्या वर्षी सहा, पुढल्या वर्षी तेरा. सॉसेज विकणारा ठेला हलवला आणि दुसरं टेबल मांडलं. दहाव्या वर्षी बूट पॉलिश करणाऱ्याची जागा गेली, पंधराव्या वर्षी भिंत पाडली. तरीही तेव्हा सगळे एकमेकांना ओळखत. कोणाची मुलगी कोणाबरोबर पळाली, कोणाच्या मूत्रपिंडात खडा आहे, कोण कोणत्या गावच्या शेरीफला पाहून टेबलाखाली जातो, सगळं माहीत. एकदा हार्लनला खोकला झाला तेव्हा बफर्ड कीलनं स्वयंपाकघरात स्वतः जाऊन त्याच्यासाठी कोंबडीचं सूप आणलं होतं, आणि कोणी काही म्हणू नये म्हणून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला होता, “याच्या घशाशी मला काय करायचंय. हा खोकला की पान वाकडं पडतं.” सूप पिऊन होईपर्यंत डाव थांबला होता. सहा माणसं, प्रत्येकाच्या कमरेला काही ना काही खोचलेलं, एका डीलरच्या सुपासाठी गप्प बसून छताकडे बघत होती. आलेखात त्या जागी रेघ जमिनीवर झोपलेली होती.

मग दूरदर्शनवाले आले. तेविसाव्या वर्षी, तीन कॅमेरे आणि एक दिग्दर्शक, ज्याला पत्त्यांतलं एवढंच कळत होतं की ते लहान असतात. शेवटच्या टेबलावर शेवटचे दोघे उरले. बफर्डच्या हातात दोन राजे, ओब्रिस्टच्या हातात दोन नव्व्या, दोघांनीही सगळ्या चकत्या पुढे लोटलेल्या. आता करण्यासारखं कोणालाच काही नव्हतं. उरलं ते हार्लनचं काम. एक पान जाळलं, तीन उघडी मांडली: गुलाम, सत्ती, दुर्री. एक जाळलं, एक मांडलं: चव्वी. टेबलावर बोटांनी दोनदा टकटक, एक जाळलं. आणि दिग्दर्शक म्हणाला, थांबा, थांबा, टेप संपली. हार्लन थांबला. तीस वर्षांत त्याला डावाच्या मध्ये कोणी थांबवलं नव्हतं. आग लागली होती तेव्हासुद्धा डाव पुरा करून मग लोक बाहेर गेले होते. टेप बदलली. एका बाईनं येऊन ओब्रिस्टच्या कपाळाला पावडर लावली. बफर्ड तिला म्हणाला, “मला नको गं बाई, माझं प्रेत अजून घरच्यांनी ओळखायचंय,” आणि लोक हसले, आणि ते हसणं टेपवर आलं नाही म्हणून दिग्दर्शकानं त्याला ते पुन्हा म्हणायला लावलं. दुसऱ्यांदा कोणी हसलं नाही. मग, चला. हार्लननं टेबलावर दोनदा टकटक केली. आणि टकटक झाली की बोटं वरचं पान जाळतात. बोटांना टेपचं काही माहीत नसतं. पुढचं पान त्यानं उलटलं ते चौकट नव्वी. ओब्रिस्टच्या तीन नव्व्या झाल्या, दोन राजांना भारी. ओब्रिस्ट हवेत गेला. छायाचित्र त्या क्षणाचं.

छायाचित्रानंतरचे दहा-बारा श्वास कोणी टिपलेले नव्हते. ते एकट्या हार्लनकडे होते आणि गेली सत्तावीस वर्षं तो ते वापरून वापरून झिजवत होता. चकत्यांचा ढीग ओब्रिस्टकडे लोटताना करंगळीखाली पानांची जाडी लागली. जास्त होती. एका पानाची जाडी ती काय; पण पायरी आहे समजून पाऊल टाकावं आणि नसावी, तसं झालं. त्यानं सगळ्यात वरच्या, म्हणजे सगळ्यात शेवटी जाळलेल्या पानाचं टोक अंगठ्यानं उचललं. किलवर तिर्री. खरं पाचवं पान हे. टेबलावर गुलाम, सत्ती, दुर्री, चव्वी, तिर्री. राजांच्या जोडीपुढे नव्व्यांची जोडी काय करणार. नियम सोपा होता. हात वर करायचा, ‘फ्लोअर’ म्हणून हाक मारायची. देखरेखीचा माणूस येतो, चुकून जाळलेलं पान जागेवर आणतो, नव्वी परत कॅटवर जाते, ओब्रिस्ट हवेतून खाली येतो, आणि चांदीचा पेला बफर्डला. दीड मिनिटाचं काम, डीलरला एक ताकीद. वर्षातून दहा वेळा कुठल्या ना कुठल्या टेबलावर ते होत असे आणि कोणाच्या लक्षातही राहत नसे. पण हार्लनच्या हातानं त्या दिवशी वर जायचं नाकारलं. ओब्रिस्टची बायको रडत होती. वरून रंगीत कागदाचे तुकडे पडत होते. दिग्दर्शक टाळ्या पिटत होता. आयुष्यभर लोकांना हरताना बघून त्या खोलीत असला आनंद हार्लननं कधी ऐकलेला नव्हता, आणि तो मध्येच थांबवून, माफ करा हं, मोजायला चुकलो, असं म्हणायचा त्याला संकोच झाला. एवढंच. त्यामागे काही खोल कारण असेल म्हणून त्यानं पुढे पुष्कळ शोधलं. भीती, लालूच, एखादा जुना सूड. काही सापडलं नाही. लग्नाच्या पंगतीत आमटी खारट आहे हे सांगायचा होतो तसला संकोच होता. त्यानं चारही पानं बाकीच्या पानांत सरकवली आणि कॅट पिसायला घेतला. बफर्ड वळसा घालून त्याच्यापाशी आला, हस्तांदोलन केलं, “छान वाटलीस पानं, लेका,” म्हणाला आणि हॅट घालून निघून गेला.

ओहायोतला तरणतलाव विकणारा जिंकतो तर मी का नाही, असं पुढच्या वर्षभरात अमेरिकेतल्या प्रत्येक दाताच्या डॉक्टराला वाटलं. त्या वर्षी दोनशे जण खेळले होते. पुढल्या वर्षी सहाशे, मग अकराशे. संगणकावरून लोक खेळायला लागले, घरी चड्डीवर बसून शिकायला लागले, आणि मग कॉपर किंगमध्ये मावेनात. आठ हजार. इथे, या गारठलेल्या सभागृहांत, विमानं ठेवता येतील एवढ्या जागेत टेबलंच टेबलं, आणि आठ हजार माणसं नुसती चाळा म्हणून चकत्या बोटांत फिरवत असल्याचा आवाज, रातकिड्यांचा असावा तसा, कुठून येतो ते कळू नये असा. रस्त्यावर गाडी हाकत गावोगाव खेळणारे जुने लोक एकेक करून गळाले. नव्यांना त्यांचे डाव दाण्यांसारखे टिपता येत होते. डीलर आता तीन दिवस शिकवून कंत्राटावर घेतात. हार्लनला सगळ्यात टोचायचं ते हे की कोणाचंच काही वाईट झालं नव्हतं. शहराला धंदा मिळाला, हॉटेलं भरली, ब्रिनसारख्या मुलींना नोकऱ्या लागल्या आणि दातांचा विमा मिळाला. हे सगळं, पायापासून कळसापर्यंत, एका किलवर तिर्रीवर उभं होतं, आणि ते माहीत असणारा एकमेव माणूस हेंडरसनमधल्या दोन खोल्यांत कपडे धुवायच्या यंत्राचा आवाज ऐकत बसलेला असायचा. ते यंत्रही त्याच डावाचं. ओब्रिस्टनं डीलरांना दिलेल्या बक्षिसातल्या त्याच्या वाट्यातून त्याच्या बायकोनं, ओपलनं, ते घेतलं, आणि ते एकोणीस वर्षं चाललं. इतकं चांगलं यंत्र पुढे कोणी बनवलं नाही. दर शनिवारी ते थरथरायला लागलं की हार्लन अंगणात जाऊन उभा राहायचा.

ओपलला त्यानं एकदा सांगितलं होतं. ती शब्दकोडं सोडवत होती. तिनं नीट ऐकून घेतलं, चष्मा काढला आणि विचारलं, “पण पानं उलटी होती ना? मग कुठलं येणार ते कोणाला माहीत होतं? तिर्री काय, नव्वी काय, दोन्ही नशिबाचीच.” यावर उत्तर होतं. ते सगळं उत्तर हार्लनच्या बोटांत होतं आणि तोंडात आणायला गेलं की त्याचा पाला व्हायचा. पानं ज्या क्रमानं पडली त्या क्रमानं येणं याला नशीब म्हणतात; मध्ये एक हार्लन ट्रिब आला की त्याला नशीब म्हणत नाहीत. असं काहीतरी. ती गेली तेव्हा दफनभूमीत पेटीवर हात ठेवून झाल्यावर त्यानं सवयीनं दोन्ही हातांची एक हलकी टाळी वाजवली आणि तळवे आकाशाकडे उलटे करून दाखवले. टेबल सोडताना प्रत्येक डीलर हे करतो, छतातल्या कॅमेऱ्याला दाखवायला, की हातात काही लपवलेलं नाही. पाद्र्याला वाटलं, ही कुठल्या तरी पंथाची प्रार्थना असावी. त्यानंही तसंच केलं.

“मिस्टर ट्रिब, अठरा मिनिटं आहेत,” ब्रिन कानातल्या यंत्रावर बोट ठेवून म्हणाली. “मिस्टर कील मागच्या खोलीत बसलेत. तुम्हाला भेटायचंय का त्यांना? जुने मित्र ना तुम्ही?”

चाळीस सेकंद. रात्री अंथरुणात हार्लननं घड्याळ लावून बघितलं होतं. तीस पुरत होते. पण ते आठ हजार लोकांना सांगण्याआधी एका माणसाला सांगायला हवं होतं. तो एक माणूस एकोणनव्वद वर्षांचा होता, पुढच्या वर्षी दोघांपैकी किती असतील ते कोणी सांगावं. पेला त्याचा होता. चांदी काय, वितळवली तर दोन चमचे होतील. पण यादीत नाव लागलं असतं, भिंतीवर, पहिल्या विजेत्यापासून आजच्यापर्यंत, आणि तेविसाव्या जागी कील, बफर्ड. बफर्ड हो म्हणाला तर मंचावर जाऊन सांगायचं. हो म्हणेलच. कोण नाही म्हणेल? हे त्यानं वाटेत तीनदा ठरवलं आणि खोलीचं दार ढकललं.

खोलीत विक्रीच्या टी-शर्टांची खोकी रचलेली होती, खुर्च्यांवरसुद्धा. मधोमध चाकांच्या खुर्चीत बफर्ड, पांढरी हॅट, गळ्यात कंपनीचा बिल्ला, मांडीवर एक लाकडी फळी आणि फळीवर राजांचा गठ्ठा: बदाम राजा, इस्पिक राजा, बदाम राजा, इस्पिक राजा. तो प्रत्येकावर सही करत होता. सहीखाली लिहीत होता: सगळ्यात दुर्दैवी माणूस. दर वर्षी कंपनी त्याला पाह्रम्पच्या वृद्धाश्रमातून उचलून आणते, चार दिवस हॉटेलात ठेवते, आणि ओब्रिस्टचं कंपनीशी मानधनावरून फाटल्यापासून त्या छायाचित्रातलं आता हेच एक पात्र शिल्लक होतं.

“कोण ते? ट्रिब? मला वाटलं तू मेलास.”

“अजून नाही.”

“मग आलास कशाला? मेलेल्यांना इथे जास्त मान आहे. त्या मूर्खांनी माझ्या नावापुढे दिवंगत छापलं होतं गेल्या साली. मी म्हटलं, छापलंय तर राहू द्या, पुढच्या वर्षी पुन्हा छापायला नको.”

“बफर्ड, जरा बोलायचंय.”

“बस.”

बसायला जागा नव्हती. हार्लन खुर्चीच्या दांड्याला धरून खाली वाकला, मग एक गुडघा टेकला, कारण वाकून राहणं त्याच्या कमरेला चालत नव्हतं. असं खालून बघितलं की बफर्डचा चेहरा नुसता हनुवटी आणि हॅट एवढाच दिसत होता.

“त्या डावात मी चार पानं जाळली.”

“कुठल्या डावात?”

“तुला माहीत आहे कुठल्या.”

पेन थांबलं. बाहेर कुठेतरी कोणीतरी ध्वनिक्षेपक तपासत होतं, एक दोन, एक दोन.

“टेप संपली तेव्हा एक आधीच जाळलं होतं. मग पुन्हा जाळलं. पाचवं पान माझ्या हातून ढिगाखाली गेलं. मी बघितलं ते.”

“काय होतं?”

“तिर्री.”

“कशाची?”

“किलवर.”

“किलवर,” बफर्ड म्हणाला. त्यानं पेनाला टोपण लावलं, मग काढलं.  हार्लनला वाटलं, आता रडेल, किंवा मारेल. दोन्हींची त्यानं तयारी ठेवली होती आणि दोन्हींनी त्याला बरं वाटलं असतं.

“मी आज मंचावर सांगतो,” हार्लन म्हणाला. “आठ हजार लोकांसमोर. पेला तुझा होता. छायाचित्रातही दिसतंय, बाहेर लावलंय ते. चारही टोकं दिसतायत. कोणी नाकारू शकणार नाही.”

“कोणी बघितलं ते?”

“अजून नाही कोणी.”

“मग गप्प बस.” आवाज मोठा नव्हता. “अकरा राज्यांत सांगितलाय मी तो डाव. लोकांनी जेवण दिलंय त्यावर, राहायला जागा दिलीय. माझ्या दुसऱ्या बायकोनं तेवढं ऐकून लग्न केलं माझ्याशी. देवानं वरून खाली बघितलं, ट्रिब, अख्ख्या टेक्सासात एक माणूस निवडला, आणि त्याच्या डोक्यात नव्वी घातली. एवढ्या उंचावरून मार खाल्लेला माणूस आहे मी. सत्तावीस वर्षं त्या मारावर जगलोय. आणि तू आज गुडघे टेकून मला सांगतोस, की देव बिव कोणी नव्हतं, आर्कान्सासचा एक डीलर होता आणि त्याचं लक्ष नव्हतं?”

“पण तू जिंकला होतास.”

“जिंकलेले एकोणपन्नास आहेत. त्यातला एक नाव घेऊन दाखव.”

हार्लननं तोंड उघडलं. पहिला आठवत होता. मग ओब्रिस्ट. मधल्यांचे चेहरे येत होते, हॅट येत होत्या, कोणाच्या मूत्रपिंडात खडा होता ते येत होतं.

“बघ,” बफर्ड म्हणाला. “आणि तू जर त्या मंचावर एक शब्द काढलास, तर मी म्हणेन म्हातारा भ्रमिष्ट झालाय. त्यांना मी आवडतो. तुझे नुसते हात आवडतात.” त्यानं पुढचा राजा ओढला, सही केली, खाली लिहायला लागला आणि दुर्दैवी शब्दाच्या मध्येच थांबला. “इतकी वर्षं दिसलास की तू मान खाली घालायचास. मला वाटायचं, ट्रिबला माझ्याबद्दल वाईट वाटतंय. एकट्यालाच. बाकी सगळ्यांना मजा वाटायची. ते मला आवडायचं.”

“वाईट वाटतच होतं.”

“तुला तुझ्याबद्दल वाटत होतं,” बफर्ड म्हणाला.

हार्लनचा टेकलेला गुडघा बधिर झाला होता. डोक्यात तीस सेकंद होते, पाठ केलेले, सुरुवातीच्या ‘मित्रांनो’सकट, आता ते कुठे ठेवायचे ते त्याला कळेना. सत्तावीस वर्षं त्याला वाटत होतं की आपण बफर्डचं काहीतरी उचललंय आणि ते परत करणं बाकी आहे. परत करायला गेला तेव्हा समजलं, त्याच्या जागी जे वाढलं होतं तेच आता बफर्डजवळ होतं, दुसरं काही नव्हतं, आणि तेही आपण आत्ताच घेतलंय. बफर्डला आता पुढच्या प्रत्येक वेळी तो डाव सांगताना तिर्री आठवणार होती. किलवरची. दार उघडून ब्रिननं आत डोकं घातलं.

“मिस्टर ट्रिब, चार मिनिटं. मंचाच्या पायऱ्या जरा उंच आहेत, कोणी धरायला हवंय का? आणि नुसतं ‘वाटा पानं’च ना? की काही बोलणार होता?”

हार्लननं वर बफर्डकडे बघितलं. बफर्ड सही करत होता.

“नुसतं तेवढंच,” हार्लन म्हणाला.

“उत्तम. मी आहे बाहेर.”

तो उठायला लागला. एक हात खुर्चीच्या चाकावर, एक जमिनीवर. वरून बफर्डचा आवाज आला, आता नेहमीचा, दुपारच्या पाळीतला.

“ट्रिब.”

“काय?”

“खाली आहेसच, तर माझ्या डाव्या बुटाची नाडी तेवढी बांध. सकाळपासून सुटलीय, आणि या पोरींना सांगायची लाज वाटते.”